पट्टीचा रिपोर्ट ४० सेकंद गोल फिरतो : लिंक, एंटिटी फ्रेमवर्क आणि हापूसचा सीझन

घणसोलीचा गण्या (धागाकर्ता)

मंडळी, ट्रान्स-हार्बरच्या गाडीत उभ्याने टाइप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत आहे. अकरा जण आणि एक चहाचं मशीन, तेही बंद. वाशीच्या मार्केटातल्या गाळेवाल्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. माल उतरला की नोंद, विकला की भाव, आणि शेवटी शेतकऱ्याच्या नावाची पट्टी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : पट्टी म्हणजे इतक्या पेट्या, हा भाव, वजा हमाली, वाराई, मोटारभाडं, उरले इतके, असा शेतकऱ्याच्या हाती पडणारा कागद. ती चुकली तर फोन थेट देवगडहून येतो.

कोड सी शार्प भाषेत, डॉटनेट ८ वर, डेटाबेसशी बोलायला एंटिटी फ्रेमवर्क कोअर, आणि खाली डेटाबेस म्हणून एसक्यूएल सर्व्हरची फुकटवाली एक्स्प्रेस आवृत्ती. 'आजच्या पट्ट्या' नावाची एक स्क्रीन आहे. ऑफिसात टेस्टच्या दोनशे नोंदींवर ती चुटकीसरशी उघडते. गिऱ्हाइकाकडे तीन सीझनचा डेटा आहे, एक लाख वीस हजारांच्या आसपास पट्ट्या. तिथे सकाळी अकराला, ऐन गर्दीत, ४० सेकंद गोल फिरत राहते. शेठ मला व्हिडिओ कॉल लावतात आणि मोबाइल नुसता स्क्रीनसमोर धरतात. तोंडातून शब्द काढत नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

इथे कोड चिकटवला की फॉन्टचा फालुदा होतो, म्हणून देवनागरीतच सांगतो. रिपॉझिटरीत (डेटा आणणाऱ्या कोडच्या भागात) 'सगळ्या पट्ट्या' नावाची मेथड आहे. तिच्यापुढे मी व्हेअर (म्हणजे अट) लावून तारीख आणि गाळा नंबर घालतो, मग फॉरईच (एकेक नोंद घेत फिरणं). फॉरईचच्या आत प्रत्येक पट्टीच्या शेतकऱ्याचं नाव, गाव आणि खर्च. तारखेवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) आहे. साहेब म्हणतात शेठना नवीन सर्व्हर घ्यायला सांग. मला ते तोंड वर करून सांगवत नाहीये. काय बघू?

निवांत

वाचतोय.

पामबीचचा पादचारी

शीर्षकात लिंक आहे म्हणून आलो. दोनदा खालीवर केलं, लिंक कुठेच दिली नाहीये.

घणसोलीचा गण्या

अहो ती लिंक नव्हे. सी शार्पमध्ये डेटाला प्रश्न विचारायची सोय आहे, तिचं नाव लिंक.

पामबीचचा पादचारी

मग नाव बदला. चालू द्या.

ठाणेकर तिरसट

ओआरएम (हे तुमचं एंटिटी फ्रेमवर्क) नावाचं प्रकरण ठाण्याच्या खाडीत सोडून या. ओहोटी लागताना सोडा, म्हणजे परत काठाला यायचं नाही. वागळे इस्टेटमध्ये बावीस वर्षं स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसातच, त्याच्या एसक्यूएल भाषेत ठेवलेला कोड) लिहितोय, एकदाही कुठली स्क्रीन गोल फिरली नाही. तुम्ही पोरं डेटाबेसशी बोलायला दुभाषा ठेवता आणि मग दुभाषाने घोळ घातला म्हणून रडता.

सुईदोरा

गण्या, एकच सांग. त्या 'सगळ्या पट्ट्या' मेथडचा रिटर्न टाइप काय आहे? आय-इन्यूमरेबल की आय-क्वेरीएबल? उत्तर देईपर्यंत शेठना सर्व्हर घेऊ देऊ नकोस.

घणसोलीचा गण्या

आय-इन्यूमरेबल. बाहेरच्या कोडला डेटाबेसचा वास येता कामा नये, असं कुठेतरी वाचून मीच ठरवलं होतं. का ताई?

सुईदोरा

मग तुझ्या ४० सेकंदांतले बरेचसे तिथेच आहेत. नीट सांगते, कारण मीही यात सहा महिने घालवले आहेत.

तुझ्याच मार्केटातलं बघ. तुला वखारीतून देवगडच्या बारा पेट्या हव्यात. एक रीत अशी : चिठ्ठीवर 'देवगड, बारा' लिहून पोऱ्याला द्यायची. वखारवाला चिठ्ठी वाचतो, बारा पेट्या काढून देतो. दुसरी रीत : अख्खी वखार टेम्पोत भरून गाळ्यावर आणायची, आणि मग फुटपाथवर बसून देवगडच्या पेट्या निवडायच्या. दोन्हीकडे हातात बाराच पेट्या येतात, म्हणून ऑफिसात दोनशे पेट्यांच्या वखारीवर फरक कळत नाही.

लिंकमध्ये व्हेअर नावाच्या दोन वेगळ्या मेथड आहेत, दिसायला सख्ख्या जुळ्या बहिणी. एक आय-इन्यूमरेबलवर चालते. तिला तू दिलेली अट म्हणजे एक तयार फंक्शन, ती मेमरीत एकेका नोंदीवर चालवून बघायची. दुसरी आय-क्वेरीएबलवर चालते. तिथे कंपायलर तुझ्या अटीचं फंक्शन करत नाही, अटीची रचना जशीच्या तशी जपून ठेवतो : डावीकडे हा कॉलम, मध्ये बरोबरची खूण, उजवीकडे ही किंमत. त्याला एक्स्प्रेशन ट्री म्हणतात. एंटिटी फ्रेमवर्क ते झाड वाचतं आणि त्याचं एसक्यूएल लिहितं. हीच ती चिठ्ठी.

आता फसगत कुठे आहे? यातली कोणती बहीण येणार हे कोड चालताना ठरत नाही, कंपाइल होतानाच ठरतं, तेही तू लिहिलेल्या टाइपवरून. आत खरीखुरी डीबी-सेट (डेटाबेसच्या टेबलाशी जोडलेली) बसलेली असली तरी मेथडवर आय-इन्यूमरेबलची पाटी आहे ना, मग कंपायलर मेमरीवाली बहीण बोलावतो. तुझी तारखेची अट डेटाबेसपर्यंत गेलेलीच नाही. इंडेक्स बिचारा तिथेच बसून आहे, त्याला कोणी विचारलंच नाही.

लॉग चालू कर. डीबी-कॉन्टेक्स्टच्या ऑप्शन्समध्ये लॉग-टू म्हणून आहे, त्याला कन्सोल दे. किंवा एकाच क्वेरीपुरतं बघायचं तर टू-क्वेरी-स्ट्रिंग. दोन्ही एंटिटी फ्रेमवर्क कोअर ५ पासून, म्हणजे २०२० पासून आहेत. आधी ते एसक्यूएल डोळ्यांनी बघ, मग बोलू.

फॉक्सप्रोवाले काका

सुईदोराताईंनी छान उलगडलं. थोडं अवांतर करू द्या, निवृत्त माणसाला तेवढी मुभा असावी.

तिरसटराव, दुभाषा नको म्हणता, पण आमच्या फॉक्सप्रोत (मायक्रोसॉफ्टची जुनी डेटाबेस-भाषा) दुभाषा नव्हताच. भाषा आणि डेटा एकाच घरात नांदायचे. स्कॅन लिहिलं की टेबलातून फिरायचं, सिलेक्ट लिहिलं की तिथल्या तिथे कर्सर तयार. कोटेशनमध्ये गुंडाळलेलं एसक्यूएल नाही की काही नाही. नंतर व्हीबी आणि सुरुवातीचं डॉटनेट आलं, तेव्हा आम्हाला पहिला धक्का हाच होता की क्वेरी म्हणजे नुसती एक स्ट्रिंग. कॉलमचं नाव चुकलं तरी कंपायलर हूं की चूं करत नाही. गिऱ्हाइकासमोर चालवलं की मग फटफजिती.

मायक्रोसॉफ्टने २००७ च्या मार्चमध्ये फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती काढणार नाही असं सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉटनेट ३.५ आणि सी शार्प ३ आलं, त्यात लिंक. एका हाताने काढून घेतलं, दुसऱ्या हाताने दिलं. लॅम्डा, एक्स्टेन्शन मेथड, व्हार, निनावी टाइप, हे सगळं त्याच आवृत्तीत आलं, आणि ते बऱ्याच अंशी लिंक उभी राहावी म्हणूनच. अँडर्स हाइल्सबर्ग हे सी शार्पचे मुख्य रचनाकार. त्याआधी टर्बो पास्कल आणि डेल्फीही त्यांचंच. एरिक मायर हे लिंकमागचं दुसरं मोठं नाव.

एक गंमत. एसक्यूएलमध्ये आधी सिलेक्ट येतं, लिंकमध्ये आधी फ्रॉम. कारण एडिटरला कॉलमची नावं सुचवायची तर टेबल कोणतं ते आधी कळायला हवं. मला सुरुवातीला हे उलटं वाटायचं. मग लक्षात आलं की आपण मराठीतही तसंच बोलतो : 'वखारीतून देवगडच्या पेट्या आण.' आधी कुठून, मग कसल्या, आणि काय करायचं ते सगळ्यात शेवटी.

ठाणेकर तिरसट

काका, तुमच्याशी भांडण नाही. तुम्ही डीबेस बघितलेली माणसं.

घणसोलीचा गण्या

केलं. मेथड आय-क्वेरीएबल केली आणि पहिल्याच फटक्यात क्रॅश. व्हेअरमध्ये मी माझं एक फंक्शन वापरलं होतं, 'सीझनमधली तारीख आहे का' असं. त्याचं भाषांतर करता येत नाही म्हणाला. आणि त्याच एररमध्ये सुचवलं की ॲज-इन्यूमरेबल किंवा टू-लिस्ट घाला. घातलं. चालायला लागलं. परत ४० सेकंद!

सुईदोरा

अरे देवा. तू दारातून बाहेर पडलास आणि खिडकीतून आत आलास.

त्या एररमध्ये चूक काही नाही, पण ती अर्धवट वाचली की घात होतो. तिचा पहिला सल्ला आहे, क्वेरी भाषांतर होईल अशी लिहा. टू-लिस्ट हा नंतरचा पर्याय. टू-लिस्टच्या डावीकडे जे आहे ते चिठ्ठीवर जातं, उजवीकडचं फुटपाथवर बसून निवडायचं. तुझं सीझनचं फंक्शन सी शार्पमध्ये लिहिलेलं, ते वखारवाल्याला कुठून कळणार? ते काढ आणि सरळ लिही : तारीख अमुकपेक्षा मोठी किंवा बरोबर, तमुकपेक्षा लहान.

पूर्वी ही एरर यायचीच नाही. एंटिटी फ्रेमवर्क कोअर २ पर्यंत जे भाषांतर होत नाही ते गुपचूप मेमरीत चालायचं, फार तर लॉगमध्ये एक इशारा. २०१९ ला ३.० आलं आणि त्यांनी ते बंद केलं, आता फक्त सगळ्यात बाहेरच्या सिलेक्टमध्ये तेवढी सवलत आहे. तेव्हा जगभर लोकांची बोंबाबोंब झाली, आमच्या ऐरोलीच्या ऑफिसातही. मीही बोंबललेच. आता वाटतं, बरं केलं.

खाडीपलीकडचा डीबीए

तारखेवरून आठवलं. व्हेअरमध्ये तारखेचा महिना बरोबर ४ आणि वर्ष बरोबर २०२५ असं लिहू नका. त्याचं एसक्यूएल डेटपार्टने होतं, कॉलमवर फंक्शन बसतं आणि इंडेक्समध्ये थेट उडी मारता येत नाही. नुसतं डॉट-डेट लावलं तर एसक्यूएल सर्व्हर बहुधा सांभाळून घेतो, पण त्या भरवशावर राहू नये. 'पासून-च्या आधी' अशी जोडी सगळ्यात खात्रीची. दिवस संपायची वेळ म्हणून २३:५९:५९ लिहिणाऱ्यांना मात्र मी चहा पाजत नाही.

घणसोलीचा गण्या

४० वरून ९. नऊ सेकंद! शेठनी आज पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर स्वतःचा चेहरा दाखवला.

पण लॉग बघून पोटात गोळा आला. ही एक स्क्रीन उघडायला १०३१ क्वेऱ्या जातायत. मोजल्या. आज ६२० पट्ट्या, शेतकरी ४१०. एक क्वेरी पट्ट्यांची, ४१० शेतकऱ्यांच्या, ६२० खर्चाच्या.

सुईदोरा

लेझी लोडिंगची प्रॉक्सी चालू आहे तुझ्याकडे. पट्टी डॉट शेतकरी डॉट नाव असं लिहिलंस की ते बिचारं त्या क्षणी धावत जाऊन एक शेतकरी घेऊन येतं. एकाच शेतकऱ्याच्या दोन पट्ट्या असल्या तर दुसऱ्यांदा जात नाही, म्हणून ६२० ऐवजी ४१०. यालाच एन-प्लस-वन म्हणतात. ऑफिसात डेटाबेस त्याच मशीनवर असतो, प्रत्येक खेप फुकट वाटते. गिऱ्हाइकाकडे मध्ये नेटवर्क आहे.

इन्क्लूड वापर, म्हणजे जोडीच्या नोंदी पहिल्याच क्वेरीत येतील. पण जपून, खाली कोणीतरी सांगेलच.

ठाणेकर तिरसट

हजार खेपा! एका जॉइनचं काम! मी काही बोलत नाही. (बोललो.)

ऐरोलीची नवशिकी

मध्येच विचारते, राग मानू नका. मी शेवटच्या वर्षाला आहे. आधी एसक्यूएल शिकावं की थेट लिंक? कॉलेजात दोन्ही अर्धं अर्धं झालंय.

फॉक्सप्रोवाले काका

एसक्यूएल, बाळा. महिनाभर नुसतं एसक्यूएल, मग लिंक आठवड्यात येईल. उलट्या क्रमाने गेलीस तर गण्यासारखा धागा काढावा लागेल.

घणसोलीचा गण्या

काका, घाव वर्मी बसला.

तर, इन्क्लूड केलं. शेतकरी, खर्चाच्या ओळी, प्रतवारीच्या ओळी, आणि दिलेल्या पैशांच्या नोंदी. क्वेरी एकच झाली. आणि वेळ ९ वरून ११ सेकंद. वाढली! मी आता घरी जातो.

खाडीपलीकडचा डीबीए

घरी नंतर जा. एका पट्टीला खर्चाच्या सरासरी किती ओळी? प्रतवारीच्या किती? पैशांच्या किती?

घणसोलीचा गण्या

चार, पाच आणि दोन, धरून चाला.

खाडीपलीकडचा डीबीए

शेतकरी एकच असतो, त्याने ओळी वाढत नाहीत. बाकी तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण एकाच क्वेरीत जॉइन केल्यामुळे प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लागते. ४ गुणिले ५ गुणिले २, म्हणजे एका पट्टीच्या ४० ओळी. ६२० पट्ट्यांच्या २४,८००. आणि प्रत्येक ओळीवर तोच शेतकरी, तोच पत्ता, तोच शेरा पुन्हा पुन्हा वायरवरून येतो. वेगवेगळ्या आणल्या असत्या तर ४ अधिक ५ अधिक २, अकरा गुणिले ६२०, ६,८२० ओळी.

ॲज-स्प्लिट-क्वेरी लाव, ५.० पासून आहे. प्रत्येक यादीसाठी वेगळी क्वेरी जाते. एक लक्षात ठेव : दोन क्वेऱ्यांच्या मधल्या वेळात कोणी नोंद बदलली तर यादी आणि तिचे तपशील वेगवेगळ्या क्षणांचे असू शकतात. पैशांचा मामला असेल तर ट्रान्झॅक्शनची आयसोलेशन लेव्हल (दुसऱ्याचे बदल मध्येच दिसू द्यायचे की नाही) बघून घे.

सुईदोरा

माझा वेगळा प्रश्न. त्या स्क्रीनवर खर्चाच्या ओळी दिसतात का? की नुसती बेरीज?

घणसोलीचा गण्या

…नुसती बेरीज.

सुईदोरा

आणि प्रतवारी?

घणसोलीचा गण्या

एकूण पेट्या. बेरीजच. पैशांच्या नोंदीही बाकी काढण्यापुरत्याच. ताई, मला कळलं तुम्ही कुठे चाललाय.

सुईदोरा

मग इन्क्लूड, स्प्लिट, काहीच नको. सिलेक्टमध्ये हवं तेवढंच माग : पट्टी क्रमांक, शेतकऱ्याचं नाव, गाव, पेट्यांची सम, खर्चाची सम, बाकी. बेरीज डेटाबेसच करेल, त्याचा तो धंदाच आहे. आणि असं सिलेक्ट केलेलं एंटिटी नसतं, त्यामुळे चेंज ट्रॅकिंगचं ओझंही जातं. नुसत्या बघायच्या स्क्रीनवर ६२० पट्ट्यांच्या मूळ किमती मेमरीत जपून ठेवायचं काय कारण?

घणसोलीचा गण्या

०.४ सेकंद.

रात्रीचे साडेबारा झालेत, घणसोलीत एक कुत्रं भुंकतंय आणि मी गॅलरीत एकटा हसतोय. बायको म्हणाली, पगार वाढला का?

निवांत

वाचतोय. अभिनंदन.

घणसोलीचा गण्या

धागा वर काढतोय. नवीन भानगड.

वेग मस्त. पण आज शेठचा फोन, यावेळी बोलणारा. वर लिहिलंय 'एकूण पट्ट्या ६२१', खाली यादीत ६२०. मुनीमजींनी बोट ठेवून तीनदा मोजल्या. 'तुमचं मशीन एक शेतकरी खातं,' म्हणाले. मी पुन्हा उघडली तर दोन्हीकडे ६२१. आता सांगा, भूत आहे का?

सुईदोरा

भूत नाही. वरचा आकडा आणि खालची यादी, दोन्ही एकाच व्हेरिएबलवरून काढतोस ना? आधी फॉरईच, मग काउंट?

घणसोलीचा गण्या

हो. 'व्हार आजच्या बरोबर…' असं एक व्हेरिएबल. आधी फॉरईचने रांगा भरतो, मग त्याचाच काउंट वर लिहितो. व्हेरिएबल एकच आहे म्हणून तर बुचकळ्यात पडलोय.

सुईदोरा

व्हेरिएबल एकच, पण त्यात यादी नाहीये रे. त्यात चिठ्ठी आहे. व्हेअर आणि सिलेक्ट लिहिलंस तेव्हा कुठेच काही गेलं नाही, नुसती चिठ्ठी लिहून खिशात ठेवलीस. फॉरईच केलंस तेव्हा पोऱ्या पहिल्यांदा वखारीत गेला. काउंट केलंस तेव्हा तीच चिठ्ठी घेऊन दुसऱ्यांदा गेला. मधल्या वेळात शेजारच्या काउंटरवर कोणीतरी ६२१ वी पट्टी केली.

म्हणून आधी एकदाच टू-लिस्ट, मग त्या लिस्टचा काउंट आणि त्याच लिस्टचं फॉरईच. परवा मी टू-लिस्टच्या नावाने ओरडले होते, आज तेच घालायला सांगतेय. तेव्हा ते अटींच्या अलीकडे होतं, आता पलीकडे आहे.

मुनीमजींना माझा नमस्कार सांग. असा टेस्टर आमच्याकडे नाही.

फॉक्सप्रोवाले काका

बोट ठेवून तीनदा मोजणाऱ्या माणसापुढे भल्याभल्यांची सॉफ्टवेअरं नांगी टाकतात. माझा एक काका कांदा-बटाटा मार्केटात होता. संध्याकाळी गोणी मोजताना तो कोणाशी बोलायचा नाही, घरात मयत झाली तरी आधी मोजणी पुरी करेल अशी ख्याती.

खाडीपलीकडचा डीबीए

गण्या, आलोच आहे तर आणखी एक तपासून घे. लॉट नंबरवरून शोधायची स्क्रीन आहे ना? त्या कॉलमचा टाइप काय?

घणसोलीचा गण्या

जुन्या डेटाबेसमधला आहे, व्हारचार. मॉडेल मी हाताने लिहिलं, त्यात साधी स्ट्रिंग. ती स्क्रीनही दोन-तीन सेकंद घेते खरी.

खाडीपलीकडचा डीबीए

वाटलंच. एंटिटी फ्रेमवर्क स्ट्रिंगला मुळात युनिकोड समजतं, म्हणून पॅरामीटर एन-व्हारचार (मराठीसकट सगळ्या लिपी मावणारा) पाठवतं. कॉलम व्हारचार. दोघांची तुलना करायला सर्व्हर कॉलमच बदलून घेतो, एकेक ओळ. एसक्यूएल_लॅटिन वगैरे नावाचं जुनं कोलेशन (अक्षरांची तुलना करायचे नियम) असेल तर इंडेक्स सीकचा (थेट उडीचा) स्कॅन (सगळं चाळणं) होतो. क्वेरी प्लॅनमध्ये सिलेक्टवर पिवळा त्रिकोण दिसेल, त्यात इम्प्लिसिट कन्व्हर्जन लिहिलेलं असतं. मॉडेलमध्ये त्या प्रॉपर्टीला इज-युनिकोड फॉल्स दे. असलेल्या डेटाबेसवरून मॉडेल आपोआप बनवून घेतलं असतंस तर हे त्यानेच लिहिलं असतं.

घणसोलीचा गण्या

केलं. लगेच फरक पडला. इतका आनंद झाला की सगळ्याच स्ट्रिंगना इज-युनिकोड फॉल्स लावून टाकलं.

खाडीपलीकडचा डीबीए

नाही ना रे लावलंस?

घणसोलीचा गण्या

टेस्ट डेटाबेसवरच, देवाची कृपा. नवीन शेतकरी भरला, गाव देवगड. सेव्ह करून उघडलं तर गावाच्या जागी पाच प्रश्नचिन्हं.

ठाणेकर तिरसट

हाहाहा. द, एक मात्रा, व, ग, ड. बरोबर पाच. हे दुःख मात्र आमच्या स्टोअर्ड प्रोसिजरवाल्यांचंही आहे. स्ट्रिंगच्या आधी एन लिहायला विसरलं की अख्खा जिल्हा प्रश्नचिन्हांत जातो. एका सरकारी कामात आम्ही गावांची अख्खी यादी अशी घालवली होती आणि दोन दिवस फॉन्टला शिव्या देत होतो. एकदा प्रश्नचिन्ह साठलं की मूळ अक्षर परत मिळत नाही, बॅकअपच काढावा लागतो.

पामबीचचा पादचारी

मला यातलं काही कळत नाही, पण आता रोज येऊन वाचतो. मराठी कॉलमला एन, नंबराला नको. बरोबर?

खाडीपलीकडचा डीबीए

शंभर टक्के. उद्यापासून या कामाला.

घणसोलीचा गण्या

तिरसटकाका, एक विचारायचं होतं. साहेबांनी वसुलीचा एक रिपोर्ट दिलाय, त्यात मागच्या सीझनशी तुलना, रँक, चालू बेरीज असलं बरंच आहे. लिंकमध्ये लिहायला बसलो तर तीन पानं झाली आणि मलाच वाचता येईनात.

ठाणेकर तिरसट

आता आलात ओहोटीला! ते एसक्यूएलमध्येच लिहा. विंडो फंक्शनं त्यासाठीच आहेत, वीस ओळींत होईल. तुमच्या त्या फ्रेमवर्कमध्येही सरळ एसक्यूएल द्यायची सोय आहे, एवढं मलाही ठाऊक आहे. फक्त तारीख आणि गाळा नंबर अधिकची खूण लावून स्ट्रिंगमध्ये जोडू नका. आमच्याकडे एका पोराने नावं अशी जोडली होती. वसईचे एक डिसूझा आले, मध्ये ॲपॉस्ट्रॉफी असलेले, आणि रिपोर्ट आडवा. ते तर निरुपद्रवी गिऱ्हाईक. वाईट हेतूचा माणूस त्याच भोकातून टेबलं पुसून जातो.

सुईदोरा

तिरसटरावांशी पहिल्यांदाच सहमत, स्क्रीनशॉट काढून ठेवते. गण्या, फ्रॉम-एसक्यूएल वापर. ७.० पासून ते डॉलरवाली इंटरपोलेटेड स्ट्रिंग घेतं आणि आतल्या किमतींचे पॅरामीटर स्वतःच करतं. रिपोर्टचा आकार एंटिटीसारखा नसेल तर डेटाबेसखालचं एसक्यूएल-क्वेरी बघ, ८.० पासून ते कुठल्याही साध्या क्लासमध्ये भरतं. किंवा डॅपर. ती स्टॅक ओव्हरफ्लोवाल्यांनी स्वतःच्या साइटसाठी लिहिलेली छोटी लायब्ररी आहे, क्वेरी तुमची आणि फक्त भरणं तिचं. आमच्याकडे लिहायच्या कामाला एंटिटी फ्रेमवर्क आणि दोन-चार अवघड रिपोर्टांना डॅपर, असा संसार चाललाय. बरा चाललाय.

आणि प्रत्येक मोठ्या क्वेरीला टॅग-विथ लाव. एसक्यूएलच्या डोक्यावर तेवढी टिप्पणी जाते, मग सर्व्हरवर कोणती क्वेरी कोणाची ते लगेच सापडतं. मराठीत लिहिलीस तरी चालते.

खाडीपलीकडचा डीबीए

चालते, हे मी छातीठोकपणे सांगतो. एकदा रात्री दोनला सर्व्हर गुदमरला होता. सगळ्यात जड क्वेरी काढली तर वर लिहिलेलं, 'ही हळू आहे, माहीत आहे, सोमवारी बघतो.' तो सोमवार कुठला ते अजून कळलेलं नाही.

घणसोलीचा गण्या

आज दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे नवीन बिल्ड टाकलं, तिथे वेगळाच तमाशा. निवडलेल्या शेतकऱ्यांची यादी कन्टेन्समध्ये देतो, तीच क्वेरी एसक्यूएलच्या सिंटॅक्स एररने पडते. माझ्याकडे तोच कोड पळतो. त्यांचा एसक्यूएल सर्व्हर २०१४ आहे.

खाडीपलीकडचा डीबीए

तेच कारण. एंटिटी फ्रेमवर्कच्या आठव्या आवृत्तीत कन्टेन्समधली यादी जेसन (मजकुराच्या रूपातली यादी) करून एकाच पॅरामीटरमध्ये जाते आणि तिथे ओपन-जेसनने उलगडते. ओपन-जेसन २०१६ ला आलं, कम्पॅटिबिलिटी लेव्हल १३० लागते. २०१४ ला ते माहीतच नाही. कॉन्फिगरेशनमध्ये यूज-कम्पॅटिबिलिटी-लेव्हल १२० दे, जुन्या पद्धतीने जाईल. आणि त्या गिऱ्हाइकाला सांग की २०१४ चा विस्तारित सपोर्टसुद्धा जुलै २०२४ ला संपला. इथे मात्र तोंड वर करून सांग.

घणसोलीचा गण्या

झालं. चालतंय.

आज भल्या पहाटे मी स्वतः फळ मार्केटात गेलो होतो, पहिल्यांदाच. घणसोलीहून पहिली गाडी पकडायची म्हणजे झोपूच नये हे बरं. सगळीकडे पेंढा, हातगाड्या, आणि तो वास. दोन वर्षं ज्याचा कोड लिहितोय ती पेटी मी आज उतरताना बघितली. शेठनी स्टुलावर बसवलं, चहा पाजला. अकरा वाजता स्क्रीन उघडली, मी घड्याळ लावलं होतं. त्यांनी बटण दाबलं आणि लगेच मान वळवून विचारलं, 'दाबलं ना?' यादी येऊन बसली होती.

मग मुनीमजींनी प्रिंट दिलं. डॉट मॅट्रिक्स. ६२० पट्ट्या. मी स्टुलावर बसून होतो, चाळीस मिनिटं ते मशीन करकरत होतं. पंचवीस मिनिटांनी शेठनी खिशातून मोबाइल काढला, व्हिडिओ कॉल लावला आणि प्रिंटरसमोर धरला. मी शेजारीच बसलो होतो, माझाच फोन वाजला.

निवांत

वाचतोय. प्रिंटरसाठी वेगळा धागा काढा.